नाबोथाचा मळा आणि आपली वाडी

उपासनावर्षाच्या सामान्य काळातील अकरावा आठवडा बहुधा जूनच्या मध्यास येतो. सम वर्षी त्या आठवड्याच्या सोमवारी आणि मंगळवारी मिस्सेत राजांच्या पहिल्या ग्रंथाचा एकविसावा अध्याय वाचला जातो. नाबोथाच्या द्राक्षमळ्याची ही कथा रविवारच्या वाचनमालेत नाही. त्यामुळे ज्यांच्या नावे सातबारा आहे, ज्यांच्या दारी दलाल येऊन बसतात, ज्यांच्या घरात वाटणीवरून भावाभावांत अबोला आहे, त्यांपैकी बहुतेकांच्या कानी ती पडतच नाही. पावसाची पहिली सर येऊन गेलेली असते, आणि सकाळच्या मिस्सेला आलेली मोजकी वृद्ध मंडळी ती ऐकून घरी जातात. बायबलमधील एक अत्यंत समर्थ कथा आपल्या समाजात अशी अर्धवट ऐकली गेली आहे. जिने ती ऐकली तिच्याकडूनही ती चुकीच्या ठिकाणी जोर देऊन वाचली गेली, असे आमचे मत आहे. ज्यांनी तो चुकीचा जोर दिला त्यांत आम्हीही आहोत. म्हणून ह्या कथेची पुन्हा एकदा चिकित्सा करण्याचा हा प्रयत्न.

कथानक थोडक्यात असे. इज्रेल येथे नाबोथ नावाच्या गृहस्थाचा द्राक्षमळा होता आणि तो अहाब राजाच्या वाड्यास लागून होता. राजास तो भाजीपाल्याच्या बागेसाठी हवा होता. त्याच्या बदल्यात ह्याहून चांगला मळा देईन, नाहीतर रोख किंमत देईन, असा प्रस्ताव त्याने मांडला. नाबोथाने वाडवडिलांचे वतन म्हणून नकार दिला. राजा घरी येऊन तोंड फिरवून बिछान्यावर पडला व जेवेना. राणी ईजबेलने राजाच्या नावाने पत्रे लिहिली, त्यांवर राजाची मोहर उमटवली आणि ती नाबोथाच्याच नगरातील वडीलधाऱ्यांकडे व प्रतिष्ठितांकडे धाडली. त्यांनी उपवास जाहीर केला, सभा भरवली, नाबोथास मानाच्या जागी बसवले आणि दोन खोटे साक्षीदार समोर आणून त्याच्यावर देवनिंदेचा व राजनिंदेचा आरोप ठेवला. नाबोथ नगराबाहेर दगडमाराने मेला. राजा मळ्याचा ताबा घेण्यास उतरला तेव्हा एलीया संदेष्टा तेथे उभा होता.

कथालेखकाची पहिली खुबी प्रस्तावात आहे. अहाबाचा प्रस्ताव अन्यायाचा नाही. त्याने धमकी दिलेली नाही, भावात घासाघीस केलेली नाही. उलट बदल्यात अधिक चांगली जमीन देऊ केली आहे. आजच्या व्यवहारात हा उत्तम सौदा ठरेल. लेखकाने हे मुद्दाम केले असावे. राजाने कवडीमोल भाव देऊ केला असता तर ही कथा योग्य मोबदल्याची कथा झाली असती आणि भाव वाढवून मिळताच ती संपली असती. नाबोथाचा नकार भावाबद्दल नाहीच. काही गोष्टी बाजारात मांडायच्याच नसतात, हे त्याचे म्हणणे आहे.

दुसरी खुबी भाजीच्या बागेत आहे. सेमिनरीत हिब्रू शब्दांची जी थोडीबहुत तोंडओळख आम्हांस झाली तिचा येथे उपयोग होतो. भाजीच्या बागेसाठी येथे जे शब्द आले आहेत तेच अनुवाद ग्रंथाच्या अकराव्या अध्यायात मिसर देशाचे वर्णन करताना आले आहेत. मिसरची भूमी भाजीच्या मळ्यासारखी माणसाला आपल्या पायांनी पाणी देऊन शिंपावी लागे. वचनदत्त भूमी मात्र आकाशातील पावसाचे पाणी पिते, असा तेथे भेद केला आहे. द्राक्षवेल वर्षानुवर्षे जोपासावी लागते, एक पिढी लावते आणि पुढची पिढी फळ खाते. भाजी हंगामात येते आणि हंगामात जाते. राजाला पिढ्यांची गोष्ट उपटून हंगामाची गोष्ट लावायची आहे आणि तीही वाड्याच्या सोयीसाठी. वचनदत्त भूमीचा एक तुकडा त्याच्या हातून पुन्हा मिसर होणार आहे. मूळ वाचकांना हा उपरोध बोचला असणार.

नाबोथाच्या नकारामागे केवळ भावना नव्हती, कायदा होता. लेवीय ग्रंथाच्या पंचविसाव्या अध्यायात जमिनीची कायमची विक्री निषिद्ध मानली आहे, कारण जमीन देवाची आणि माणूस तिच्यावरचा पाहुणा. पन्नासाव्या वर्षी, योबेल वर्षी, विकलेली जमीन मूळ घराण्याकडे परत जायची. पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' ह्या विश्वपत्रात ह्या योबेल वर्षाची आठवण करून दिली, म्हणून ते आपल्या परिचयाचे आहे. परंतु त्याच अध्यायातील पुढच्या काही ओळींकडे आपण सहसा वळत नाही, आणि वाढत्या शहराचा प्रश्न त्या ओळींत आहे.

तेथे शहर आणि गाव ह्यांत भेद केला आहे. तटबंदी असलेल्या नगरातील घर विकल्यास ते सोडवून घेण्यास एक वर्षाची मुदत. त्यानंतर ते कायमचे विकत घेणाऱ्याचे. बिनतटाच्या खेड्यातील घरे मात्र शेताप्रमाणेच धरायची. ती योबेल वर्षी परत जायची. म्हणजे शहरातील घर ही विक्रीची वस्तू असू शकते, हे शास्त्रकर्त्याने मान्य केले. शहराला त्याचा विरोध नाही. त्यानंतर लेवींच्या नगरांचा नियम येतो. त्या नगरांतील घरे सोडवता येत, पण नगराभोवतीचे मोकळे शिवार विकण्यास पूर्ण बंदी. गणना ग्रंथाच्या पस्तिसाव्या अध्यायात ह्या शिवाराची मापेही हातांत दिली आहेत: तटापासून बाहेर एक हजार हात, प्रत्येक दिशेस दोन हजार हात. अशी नगरे एकूण ४८. शहर वाढावे, घरे विकली जावीत, परंतु शहराभोवतीची गायरानाची, पाण्याची, मोकळ्या हवेची जागा कोणाही एकाची नसल्यामुळे कोणालाही विकता येऊ नये, असा हा विचार आहे. आज ज्याला आपण हरितपट्टा म्हणतो त्याची कल्पना ह्या रुक्ष वाटणाऱ्या नियमात आहे. आमच्या प्रवचनांत मात्र लेवीय ग्रंथ क्वचितच येतो. तो कंटाळवाणा आहे असे आम्ही सेमिनरीतच ठरवून टाकले होते.

नाबोथाच्या कथेचा सर्वांत प्रसिद्ध भाष्यकार म्हणजे मिलानचे बिशप संत अॅम्ब्रोज. सुमारे ३८९ साली त्यांनी नाबोथावर एक स्वतंत्र प्रबंध लिहिला. अहाब आणि नाबोथ हे एका काळातले दोन इसम नव्हेत, दर दिवशी नवा अहाब जन्मतो आणि दर दिवशी एखाद्या गरिबाचा बळी पडतो, असा त्यांचा रोख आहे. साम्राज्याच्या राजधानीत बसून धनिकांना इतक्या रोखठोक शब्दांत सुनावणारे लेखन विरळा, आणि ख्रिस्तसभेच्या सामाजिक शिकवणीच्या इतिहासात त्याचे स्थान मोठे आहे. तरीही एक मर्यादा नोंदवली पाहिजे. अॅम्ब्रोज ह्यांची नजर सतत अहाबावर आहे. नाबोथ त्यांना केवळ बळी म्हणून दिसतो. मध्ये उभे असलेले नगरातील वडीलधारे त्यांच्या वाचनात मागे पडतात. आपल्याकडील वाचनही पुढे ह्याच वळणाने गेले.

वसईत ह्या कथेचे वाचन विशेष अर्थाने झाले. दक्षिणेस खाडी, उत्तरेस वैतरणा, पश्चिमेस समुद्र आणि पूर्वेस तुंगारेश्वराचे डोंगर, अशा ह्या चौकटीत शतकानुशतके केळी, पानवेली, नारळ, फुले आणि भाजीपाला पिकला. मुंबईची सकाळ आपल्या टोपल्यांनी उजाडत असे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस ह्या हिरव्या पट्ट्यावर शहराची दृष्टी पडली, तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो ह्यांच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली. टँकरने होणारा विहिरींचा उपसा, वाडीतील बांधकामे, गुंडगिरी ह्यांविरुद्ध ख्रिस्ती आणि हिंदू ग्रामस्थ एकत्र आले. 'सुवार्ता' मासिकाचे संपादक म्हणून त्यांनी लेखणीनेही हा लढा दिला. २०२० साली उस्मानाबाद येथील त्र्याण्णवाव्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले आणि २५ जुलै २०२४ रोजी ते देवाघरी गेले. त्या काळात नाबोथाची कथा व्यासपीठावरून ऐकताना अहाब कोण हे सांगावे लागत नसे. ऐकणाऱ्यांना तो दिसत असे. ह्या वाचनाने समाजास बळ दिले, त्याला आपल्या जमिनीकडे वतन म्हणून पाहायला लावले. त्याचे मोल कमी लेखण्याचा आमचा मुळीच हेतू नाही.

परंतु वाचन जेव्हा सवयीचे होते तेव्हा ते आंधळे होते. जुलै २००९ मध्ये चार नगरपरिषदा आणि अनेक ग्रामपंचायती मिळून वसई-विरार शहर महानगरपालिका स्थापन झाली. गावे वगळावीत म्हणून आंदोलने झाली. २०११ च्या जनगणनेत ह्या शहराची लोकसंख्या बारा लाखांवर गेली होती. इतकी माणसे आली ती कोठे राहतात? कोणाच्या तरी जमिनीवरच. ती सारी जमीन धाकदपटशाने गेली, असे कोणी प्रामाणिकपणे म्हणू शकेल काय? काही गेली, हे खरे, आणि ज्यांची तशी गेली त्यांचे दुःख ह्या लेखात हलके करावयाचे नाही. पण बरीचशी नाबोथाने स्वतः सही करून दिली. मुलीचे लग्न, मुलाचे परदेशी जाणे, आजारपण, वाटणीचा तंटा, अथवा शेजाऱ्याने बांधला म्हणून आपणही बांधावा असा बंगला, ह्यांसाठी गुंठ्यागुंठ्याने वाडी गेली. आमच्या कथेत अहाबाला बिछान्यावर तोंड फिरवून पडण्याची वेळच आली नाही. त्याने भाव सांगितला आणि नाबोथाने पेन मागितले.

हे लिहिताना विकणाऱ्यांवर दगड मारण्याचा आमचा विचार नाही. शेतीत भागत नाही, मजूर मिळत नाही, विहिरीचे पाणी मचूळ झाले, हे सारे खरे आहे. वतन राखण्याची जबाबदारी एकट्या नाबोथावर टाकून सारे गाव त्याच्या फुलांची आणि त्याच्या बावखलात मुरणाऱ्या पाण्याची फळे फुकट खाते, ही तर त्या कथेतील अन्यायाचीच दुसरी बाजू होय. म्हणूनच आम्हांस वाटते की कथेचा खरा गाभा अहाबात नाही आणि नाबोथातही नाही. तो नगरातील वडीलधाऱ्यांत आहे.

कथालेखकाने त्यांच्याविषयी राखलेले मौन पाहा. राजाचा रुसवा त्याने रंगवला आहे, राणीचे बोलणे दिले आहे, एलीयाचा क्रोध दिला आहे. वडीलधाऱ्यांच्या मनात काय आले ह्याबद्दल एक शब्द नाही. पत्रात जसे लिहिले होते तसे त्यांनी केले, एवढेच तो सांगतो आणि पत्रातील मजकूर कृतीच्या रूपाने जवळजवळ तसाच पुन्हा लिहितो. ही पुनरुक्ती अडाणीपणाची नाही. आज्ञा आणि अंमल ह्यांत एका क्षणाचाही संकोच नव्हता, हे त्यातून कळते. शिवाय जे झाले ते सर्व रीतसर झाले. मोहर खरी होती, सभा विधिपूर्वक भरली, नियमाप्रमाणे साक्षीदार दोन होते, उपवासही पाळला गेला. कागद कोठेही अपुरा नव्हता. शहराची साधनसंपत्ती बहुधा अशीच जाते. कायदा मोडून जाते त्याहून अधिक ती कायद्याचे कागद पुरे करून जाते, आणि त्या कागदांवर सह्या आपल्याच नगरातील माणसांच्या असतात.

येथे आम्हांस स्वतःची एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती लपवून पुढचे लिहिणे अप्रामाणिक होईल. एका धर्मग्रामात असताना चर्चच्या वाडीच्या कडेला एक जुने बावखल होते. सणाच्या दिवशी गाड्या उभ्या करण्यास जागा नाही, डास होतात, पोरेबाळे पडतील, अशा तक्रारी होत्या. सभा भरली. इतिवृत्त लिहिले गेले. विरोधात एकटी एक म्हातारी बोलली: "फादर, याचं पाणी माझ्या हिरीत येते." आम्ही तिला समजावले, चहा दिला आणि ठराव मंजूर केला. उन्हाळ्यात दगडमातीचे ट्रक आले. दोन वर्षांनी त्या बाईच्या विहिरीचे पाणी एप्रिलातच तळाला गेले. त्या ठरावावर पहिली सही आमची होती. कुमसारात आम्ही हे पाप सांगितले आहे, परंतु विहीर काही भरली नाही. ईजबेलचे पत्र आमच्याकडे कोणी पाठवलेही नव्हते. आम्ही ते स्वतःच लिहून स्वतःच पाळले.

बावखल म्हणजे काय हे आपल्या तरुण वाचकांना आता सांगावे लागते. वाडीच्या सखल भागी खोदलेले हे तळे. पावसाचे पाणी त्यात साठते, हळूहळू जमिनीत मुरते आणि आजूबाजूच्या विहिरींना पोहोचते. पूर्वी त्यावर रहाट असे. किनारपट्टीत गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. गोडे पाणी उपसले आणि वरून भर पडली नाही, की खारे पाणी आत सरकते. म्हणून बावखल हे एका कुटुंबाचे तळे नव्हे, साऱ्या गावाच्या गोड्या पाण्याचे ते कुलूप आहे. त्याचा दुसरा उपयोग अतिवृष्टीत कळतो. जुलै २०१८ मध्ये वसई-विरार दिवसेंदिवस पाण्याखाली होते, रेल्वे थांबली, वीज गेली, मिठागरातील शेकडो माणसे अडकली. त्यानंतर महापालिकेने नीरी आणि मुंबईच्या आयआयटीच्या तज्ज्ञांकडून अभ्यास करवून घेतला. त्यांच्या उपायांत पावसाचे पाणी काही काळ थोपवून धरणारे धारण तलाव होते. तज्ज्ञांनी योग्यच सांगितले. आपल्या पणजोबांनी तेच खोदून ठेवले होते आणि आपण ते बुजवले.

ह्या कथेचे आणखी एक पान उलटले पाहिजे, आणि ते आपणा वसईकरांना सर्वांत अप्रिय वाटेल. आज आपल्या शहराला पाणी कोठून येते? उसगाव आणि पेल्हार येथील धरणांचे पाणी पुरेनासे झाले, तेव्हा आपण सूर्या नदीकडे पाहिले. सूर्या नदीवरील धामणीचे धरण डहाणू, विक्रमगड, पालघर ह्या भागांतील शेतीस, त्यात प्रामुख्याने आदिवासींच्या शेतीस, पाणी द्यावे म्हणून उभारले गेले. पुढे ते पाणी शहरांकडे वळू लागले. मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या सूर्या पाणीपुरवठा योजनेची क्षमता दिवसाला ४०३ दशलक्ष लिटर. त्यांतील १८५ दशलक्ष लिटर वसई-विरारसाठी आणि २१८ दशलक्ष लिटर मीरा-भाईंदरसाठी. तेथील आदिवासी शेतकऱ्यांनी ह्यास वेळोवेळी विरोध केला. आपल्याकडे मात्र नळाला पाणी आले म्हणून फटाके वाजले. तहानलेल्या माणसाने पाण्याचा आनंद मानावा ह्यात गैर नाही. नालासोपाऱ्याच्या चाळीतील मातेने रात्री दोन वाजता हंडा घेऊन का उभे राहावे? पण आपली विहीर आपण घालवली आणि दुसऱ्याच्या शेताचे पाणी प्यालो, हा हिशेब मांडायला नको का? सूर्येच्या खोऱ्यातून पाहिले तर वाड्यालगतचा मळा त्यांचा आहे आणि वाड्यात आपण आहोत. चाळीस वर्षे आपण स्वतःला नाबोथ म्हणवून घेतले. कथेतील पात्रे नेमून दिलेली नसतात, हे आपल्या ध्यानात आले नाही.

मग वाढत्या शहराने करावे काय? कथा येथे उत्तर देत नाही, पण लेवीय ग्रंथातील नियम दिशा देतो: शिवार विकायचे नसेल तर त्याची जबाबदारी साऱ्या नगराची. जगात असे झाल्याची उदाहरणे आहेत. न्यूयॉर्क शहर आपले बहुतेक पाणी दूरच्या डोंगराळ पाणलोटातून आणते. गाळणीचा प्रचंड प्रकल्प बांधण्याऐवजी त्या शहराने १९९७ साली वरच्या अंगाच्या गावांशी आणि शेतकऱ्यांशी करार केला. शेतकऱ्याने गोठ्याचा घाण निचरा ओढ्यात जाऊ देऊ नये, ओढ्याकाठी झाडे राखावीत, आणि त्याचा खर्च शहराने उचलावा. विकणाऱ्याची इच्छा असेल तेथेच जमीन विकत घ्यावी. म्हणजे अहाबाने नाबोथास मळा विकण्यासाठी पैसे न देता मळा राखण्यासाठी दिले. आपल्याच देशात कोलकात्याच्या पूर्वेस साडेबारा हजार हेक्टरांची पाणथळ भूमी आहे. शहराचे सांडपाणी तेथील तळ्यांत सूर्यप्रकाशाने निवळते, त्यावर मासे आणि भाजीपाला पिकतो आणि तो पुन्हा शहराच्या ताटात येतो. ध्रुवज्योती घोष ह्या अभियंत्याने त्या मच्छीमारांचे शहाणपण जगापुढे मांडले आणि २००२ साली त्या भूमीला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. तिच्यावरही बांधकामाचे आक्रमण चालूच आहे. पण तिचे मोल निदान मोजले गेले आहे.

आपल्याकडे कायदे नाहीत असे नाही. तुंगारेश्वर २००३ पासून अभयारण्य आहे. खारफुटीची कत्तल म्हणजे नागरिकांच्या जगण्याच्या हक्कावरच घाला, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ साली म्हटले. डोंगर आणि खाडी ह्या दोन टोकांना अशी कागदावरची तरी राखण आहे. मधली वाडी आणि बावखल मात्र खाजगी मालकीची, म्हणून उघडी पडली. जो कुटुंबप्रमुख बावखल जिवंत ठेवतो त्याला मालमत्ता करात सूट का नसावी? प्रत्येक बावखलाची नोंद विकास आराखड्यात का नसावी? सूर्येचे पाणी पिणाऱ्या शहराने तेथील शेतकऱ्यांच्या कालव्यासाठी पाणीपट्टीतून वाटा का देऊ नये? हे प्रश्न आपल्या नगरसेवकाला विचारता येतील. त्याआधी ते धर्मग्राम परिषदेत विचारावे लागतील. चर्चच्या आवारात किती फरशी आहे आणि किती माती, चर्चच्या छपरावरचे पाणी गटारात जाते की विहिरीत, ह्याचा हिशेब सणाच्या जमाखर्चाशेजारी लावावा लागेल. काही गावांत तरुणांनी रविवारी फावडी घेऊन जुनी बावखले उपसली. त्यांनी नाबोथावर प्रवचन केले नाही, पण ती कथा त्यांना आमच्यापेक्षा अधिक कळली.

कथेचा शेवट विचित्र आहे आणि अनेक वाचकांना तो खटकतो. एलीयाचे बोल ऐकून अहाब कपडे फाडतो, गोणपाट नेसतो, उपवास करतो. त्याचा पश्चात्ताप पाहून देव म्हणतो की हे अरिष्ट त्याच्या काळात येणार नाही, त्याच्या मुलाच्या काळात येईल. ही कसली दया, असे तरुणपणी आम्हांस वाटे. पित्याच्या अपराधाची शिक्षा मुलाने का भोगावी? आता आम्हांस वाटते की कथालेखक येथे न्यायाचा सिद्धान्त सांगत नसून जगाची रीत सांगत आहे. जमिनीच्या आणि पाण्याच्या बाबतीत अपराध एक पिढी करते आणि भोग दुसरीच्या वाट्याला येतो. ज्याने बावखल बुजवले त्याची विहीर अनेकदा त्याच्या हयातीत पुरते. खारे पाणी सावकाश येते. आपण उपवास करतो, यात्रेला जातो, गोणपाट नेसतो, आणि काही घडले नाही असे समजून समाधानाने मरतो.

राजांच्या दुसऱ्या ग्रंथाच्या नवव्या अध्यायात, अनेक वर्षांनी, अहाबाच्या मुलाचे प्रेत त्याच शेतात टाकले जाते. तेथे जाता जाता एक तपशील येतो, जो पहिल्या कथेत दिलेला नव्हता: नाबोथाबरोबर त्याच्या मुलांचेही रक्त सांडले होते. वतन मागायला वारस उरू नये, एवढी ती व्यवस्था पक्की होती. म्हणजे त्या मळ्यापायी दोन्ही घरची मुले गेली. ज्याने राखला त्याचीही आणि ज्याने घेतला त्याचीही.

येत्या सम वर्षी जूनमध्ये हा पाठ पुन्हा येईल. त्या सोमवारी आपण चर्चमध्ये यावे आणि मुलांना सोबत आणावे, एवढीच आमची विनंती. प्रवचन लांबणार नाही. मिस्सेनंतर आपण सारे चर्चमागच्या विहिरीपाशी जाऊ आणि पाणी किती हातांवर आहे ते दोर सोडून पाहू.